तीन विषय राहिले, घरी सांगितलं नाही, आता पुढं काय?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगा वसमतकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, दहावीला ९२ टक्के, सीईटी देऊन इंजिनीअरिंगला लागला आणि पहिल्याच सेमला एम-वन (म्हणजे गणिताचा पहिला पेपर), मेकॅनिक्स, केमिस्ट्री असे तीन विषय राहिले. घरी "निकाल अजून लागायचाय" म्हणून सांगून ठेवलंय. त्याचं विचारणं असं की मी या लाइनच्या लायकच नाही का, क्लास लावू का, का हे सगळं सोडून एमपीएससीच्या मागं लागू, आणि जो तो म्हणतोय अपयशातून शिक, तर त्यातून नेमकं शिकायचं काय असतंय.

मी मराठवाड्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात बरीच वर्षं गणित शिकवलंय, आणि त्यातला मोठा भाग बॅक, म्हणजे नापास झालेले विषय, राहिलेल्या पोरापोरींसोबतच गेलाय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो, वैतागू नको.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. अपयश आपोआप काहीही शिकवत नाही. शिकवत असतं तर एम-थ्री चौथ्यांदा देणारा पोरगा कॉलेजात सगळ्यात हुशार असता. निकाल लागला की पोरं एकतर पेपर तपासणाऱ्याला शिव्या घालतेत नाहीतर स्वतःला, पण उत्तरपत्रिका मागवून बघणारा वर्गात एखादाच निघतो. "पेपरच हार्ड काढला होता" आणि "मला गणित जमतच नाही" ही दोन वाक्यं वरून उलटी वाटतेत, पण दोन्हींचं काम एकच, एकदा म्हणून टाकलं की पुढं काही बघायची गरज राहत नाही. मग पुढच्या सेमला तोच पोरगा तेच गाईड घेऊन त्याच पद्धतीनं, फक्त जरा जास्त घाबरून अभ्यास करतो आणि परत ३० च्या आसपास अडकतो.

आणि हो, या दिवसांत तुला कोणीतरी रामानुजनचा मेसेज फॉरवर्ड करेलच, ते पण नापास झाले होते म्हणून. झाले होते, खरंय. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास झाले आणि स्कॉलरशिप गेली, मग मद्रासच्या पचयप्पा कॉलेजातून एफएच्या (पदवीआधीच्या) परीक्षेत १९०६ ला नापास, १९०७ ला परत नापास. पण फॉरवर्डमध्ये मधली वर्षं कोणी लिहीत नाही. पदवी नाही, पैसा नाही, वह्या घेऊन लोकांच्या दारात फिरणं, मग ओळखी करून देणारी माणसं भेटली तेव्हा कुठं १९१२ ला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्कची नोकरी, आणि १९१३ ला केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र. नापास झाल्यामुळं त्यांचं भलं झालं असं यात कुठंच नाही, झालं ते नापास होऊनसुद्धा झालं. म्हणून असले मेसेज वाचून उगं हुरळून जाऊ नको, त्यानं एक संध्याकाळ बरी जाते एवढंच.

आता कामाचं. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज करायला मुदत फार थोडी असते, ती तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डवर किंवा विद्यापीठाच्या साइटवर आजच बघ. तिन्ही विषयांचे पैसे परवडत नसतील तर एकाच विषयाची काढ, पण काढ. रिव्हॅलला (फेरतपासणीला) टाकून मार्क वाढतील या आशेनं काढायला सांगत नाही, वाढले तर चांगलंच, पण ती आशा मनात ठेवून अभ्यास लांबवणारी लई पोरं पाहिलीत. फोटोकॉपी काढायची ती आपण नेमकं कुठं सांडलं हे बघायला. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सीबीएसईच्या एका प्रकरणात सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात येणारी माहिती आहे, ती बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे. तेव्हा खिडकीवर कोणी "काय करायचं ते बघून" म्हणालं तर मान खाली घालून परत यायचं कारण नाही.

फोटोकॉपी हातात आली की काय करायचं ते एका उदाहरणावरून सांगतो. एका पोराची एम-वनची कॉपी मी त्याच्यासोबत बसून बघितली होती. पठ्ठ्या सांगत होता, सर मॅट्रिक्सचं (आकड्यांच्या चौकटीचं) युनिट मी पूर्ण केलं होतं, तरी त्यात भोपळा. प्रश्न आयगेन व्हॅल्यूचा, म्हणजे त्या चौकटीतून निघणाऱ्या ठरावीक आकड्यांचा, पायरी समजायला आपण साधा दोन बाय दोनचा मॅट्रिक्स घेऊ, वरच्या ओळीत ४ आणि १, खालच्या ओळीत २ आणि ३. कर्णावरच्या दोन्ही आकड्यांतून लॅम्डा (शोधायचा आकडा) वजा करायचा, डिटर्मिनंट (कर्णावरच्या दोघांचा गुणाकार वजा उरलेल्या दोघांचा) काढायचा आणि शून्य धरायचा. म्हणजे (४ वजा लॅम्डा) गुणिले (३ वजा लॅम्डा), त्यातून १ गुणिले २ वजा. गुणाकार सोडवला की लॅम्डा वर्ग, वजा ७ लॅम्डा, अधिक १२, आणि त्यातून २ गेले की राहतात १०. समीकरण सुटतंय, उत्तर ५ आणि २. आता या पोरानं काय केलं होतं, शेवटचे २ वजा करायच्या ऐवजी मिळवले. १० च्या जागी १४ आले. लॅम्डा वर्ग वजा ७ लॅम्डा अधिक १४, याचे अवयव पडत नाहीत, सूत्रात घातलं तर मुळाखाली ४९ वजा ५६ म्हणजे वजा ७ येतंय. तिथं तो घाबरला, दोन ओळी खोडल्या, परत तेच केलं, परत तेच आलं, आणि अर्धं पान सोडून पुढं गेला. पुढच्या प्रश्नात डोकं चालेना कारण मन मागंच अडकलेलं. म्हणजे एका चिन्हानं दोन प्रश्न खाल्ले.

मी त्याला विचारलं, कर्णावरच्या आकड्यांची बेरीज किती. म्हणला ७. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज तेवढीच यावी लागते आणि गुणाकार डिटर्मिनंटएवढा, इथं ५ आणि २ ची बेरीज ७, गुणाकार १०, आणि ४ गुणिले ३ वजा २ पण १०. हा ताळा त्याच्या वहीत होता, वर्गात लिहून दिलेला, खाली लाल पेनानं अंडरलाइन सुद्धा केलेली. पेपरात १४ दिसल्या दिसल्या ताळा केला असता तर चूक कुठंय ते अर्ध्या मिनिटात कळलं असतं. नंतर आम्ही उरलेली कॉपी बघितली, तर पार्शल डिफरन्शिएशनमध्ये पण तेच, कंसाबाहेर वजा असताना आतली चिन्हं बदलायचं राहिलेलं. आता सांग, हा पोरगा एम-वनमध्ये नापास झाला का आठवीच्या बीजगणितात? त्याला मी एम-वनचं पुस्तक बंद करायला लावलं आणि आधी आठवी-नववीची बालभारतीची पुस्तकं आणायला सांगितली, कंस, चिन्हं, अपूर्णांक, अवयव. पहिल्यांदा लाजला, रूमवर पोरं हसतील म्हणून. हसू दे म्हणलं.

तुझ्या कॉपीत हेच निघेल असं नाही. पण दर पानावर पेन्सिलनं लिहीत जा की इथं मार्क कशामुळं गेले. मला आलंच नव्हतं, येत होतं पण चुकलं, का वेळच पुरला नाही. या तिन्हींचं औषध वेगवेगळं आहे आणि पोरं तिन्हींवर एकच औषध घेतेत, ते म्हणजे "आता जास्त अभ्यास करीन". ज्याचा वेळ पुरला नाही त्यानं अजून चार पुस्तकं वाचून काय होणार, त्याला घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायची सवय पाहिजे. ज्याला आलंच नव्हतं त्यानं घड्याळ लावून उपयोग नाही.

मेकॅनिक्सचं पण सांगतो, माझा विषय नाही तरी वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर ऐकत आलोय. तिथं निम्मे मार्क फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीत, जातेत. रोलर सपोर्टला एकच रिअॅक्शन (आधाराचं बल), पृष्ठभागाला लंब, आणि हिंजला दोन घटक, एवढं नीट काढलं तर पुढं तीन समीकरणं मांडायची असतेत, बस. पण पोरं डायग्राम न काढता डायरेक्ट समीकरण लिहितेत कारण क्लासच्या नोट्समध्ये पाठ केलेलं उत्तर तसं असतंय, मग पेपरात आकृती जरा फिरवून दिली की संपलं.

दहावीला ९२ आणि इथं नापास, हे कसं झालं म्हणून तू स्वतःला खात बसलायस ना, तर त्यामागचं एक कारण तुझ्या हुशारीशी संबंधित नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं तू सीईटीच्या नादात काढलीस, बरोबर? सीईटीला चार पर्याय असतेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, उत्तर माहीत नसेल तरी पर्याय खोडत खोडत पोहोचता येतं, पर्याय उलटे घालून बघता येतंय. दोन वर्षं ही कसरत केली की हात स्टेप लिहायचं विसरतो. आपल्याकडं लातूरचं नाव त्या तयारीसाठी महाराष्ट्रभर झालंय आणि त्यातून हजारो पोरांचं भलं झालंय, त्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण इंजिनीअरिंगच्या पेपरात पर्याय नसतेत हे पोरांना कोणी सांगत नाही. मेडिकलची नीट परीक्षा देऊन लागलं नाही म्हणून बीएस्सीला आलेल्या पोरांचं तर यापेक्षा अवघड, केमिस्ट्रीतलं सगळं कळतंय, विचारलं तर बरोबर पर्याय सांगतेत, पण "कारणासहित लिहा" म्हणलं की तीन ओळींत गाडी बंद. ही सवय परत लागते, अवघड नाही, रोज एक उत्तर पूर्ण लिहायचं आणि ते दुसऱ्याला वाचायला द्यायचं.

दुसरं, इंग्रजी. तू लिहिलं नाहीस पण मीडियम मराठी म्हणल्यावर मला अंदाज आहे. केमिस्ट्री तुझी बहुतेक इथंच गेली असणार. पाण्याचा हार्डनेस, करोजन, फ्यूएल हे सगळं गोष्टीसारखं आहे, समजायला काय अवघड नाही, पण लिहायचंय इंग्रजीत म्हणून पोरं पानंच्या पानं पाठ करतेत आणि मधला एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातंय. त्यापेक्षा आधी मराठीत मोठ्यानं सांगायचं, रूममेटला सांग, आरशाला सांग, लोखंड का गंजतंय, ओलावा आणि ऑक्सिजन असल्यावर काय होतंय. मराठीत अडखळलास म्हणजे तुला ते समजलेलंच नाही, इंग्रजीला दोष देऊ नको. मराठीत सरळ आलं की मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिही, व्याकरण चुकलं तर चुकू दे, टेक्निकल शब्द बरोबर पाहिजे आणि रिअॅक्शन बॅलन्स पाहिजे. तपासणारा पण बहुतेक इथलाच असतो, तुझं ग्रामर बघायला त्याला वेळ नसतो.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एक प्रयोग सांगतो कारण मला तो लई उपयोगी पडलाय. रॉडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ ला छापलेला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार पाळ्यांत परत परत वाचला. दुसऱ्या गटानं एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत पुस्तक न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढं, त्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानं विचारलं तर उलटं, वाचणारे ४० वर घसरले आणि लिहिणारे ६१ वर. आणि गंमत म्हणजे आपल्याला आठवड्यानं किती आठवेल याचा अंदाज विचारला तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) रात्री दोन वाजता चौथ्यांदा वाचल्यावर "सगळं आलं" असं जे वाटतंय ना, ते हेच. पेपर पाच मिनिटांनी असता तर पास झाला असतास. तर वाचून झालं की वही बंद, कोऱ्या कागदावर लिहायचं, मग उघडून काय राहिलं ते बघायचं. कंटाळवाणं आहे, आपल्याला येत नाही हे रोज दिसतंय म्हणून त्रास होतो, आणि पोरं हे टाळतेत ते पण याच कारणानं. हायलायटरचे पैसे वाचतील तो फायदा वेगळा.

आता तीन बॅक आणि नवीन सेमचे विषय हे एकत्र कसं ओढायचं. सगळे बॅक सारखे नसतेत. एम-वन राहिला तर एम-टू, एम-थ्रीला त्याची गरज पडणार, शिवाय पुढं कंट्रोल, सिग्नल, स्ट्रक्चर, ब्रँच कुठली त्याप्रमाणं तेच डिफरन्शिएशन आणि मॅट्रिक्स परत परत येतेत, म्हणून तो आधी. मेकॅनिक्स सिव्हिल-मेकॅनिकलला जीव की प्राण आहे, कॉम्प्युटरवाल्यानं फक्त पास व्हायचं बघितलं तरी चालतंय. केमिस्ट्री शेवटी, कमी दिवसांत निघते. बाटूच्या (लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या) कॉलेजात असशील तर वीस मार्क इंटर्नलचे, वीस मिडसेमचे आणि साठ एंडसेमचे, तर बॅकच्या विषयात आधीचे मिडसेम-इंटर्नल किती पडलेत आणि ते पुढं धरले जातेत का हे एक्झाम सेलला जाऊन विचार, मित्राला विचारू नको. आणि चालू सेमच्या मिडसेमकडं दुर्लक्ष करू नको, बॅकच्या नादात नवीन विषय राहतेत आणि मग हा हिशेब कधीच मिटत नाही. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत, तुझ्या विद्यापीठाचा नियम काय तो स्वतः वाच. कॅरीऑन (बॅक असतानाही पुढच्या वर्षाला बसायची सवलत) मिळणार, आंदोलन चालूय, मंत्र्यांनी शब्द दिलाय असले व्हॉट्सअॅप मेसेज दरवर्षी फिरतेत. कधी मिळतं, कधी नाही. त्याच्या भरवशावर पुस्तक बंद करणारे वायडी होऊन (वर्ष वाया जाऊन) गावाकडं बसलेले मी बघितलेत.

घरचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय पण तुझ्या प्रश्नात खरं दुखणं हेच दिसतंय. "निकाल लागायचाय" हे किती दिवस चालणार? वसमतला तुमच्या गावातला अजून एखादा तरी त्याच कॉलेजात असेल, त्याच्या घरून कळालं तर वडिलांना निकालापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल. फोनवर सांगू नको, शक्य असेल तर शनिवारी गावाकडं जा. आईला आधी सांगायचं का वडिलांना ते तुझ्या घरचं तुला ठाऊक, बऱ्याच घरांत आईला सांगितलेलं रात्रीच्या जेवणापर्यंत वडिलांपर्यंत जातंय आणि थोडं निवलेलं पोहोचतंय. पण नुसतं "नापास झालो" म्हणून रडत बसू नको. तुझे वडील शेती करत असतील तर सोयाबीन हातचं गेलं की का गेलं ते त्यांना नेमकं सांगता येतंय, उगवण झाली नाही, का ऐन फुलोऱ्यात पावसानं ताण दिला, का येलो मोझॅक आला, आणि पुढच्या पेरणीला काय बदलायचं ते पण ठरलेलं असतंय. तसंच सांग त्यांना. कुठल्या विषयात किती कमी पडले, कशामुळं पडले, परत परीक्षा कधी, फॉर्मला पैसे किती, आणि महाडीबीटीवर (शासनाच्या पोर्टलवर) स्कॉलरशिप असेल तर तिच्यावर काय परिणाम होतोय हे ऑफिसातून विचारून मगच जा. वडील दोन शब्द बोलतील, बोलू दे, त्यांनी कशातून फी भरली ते आठव आणि ऐकून घे. पण ज्या बापाला आकडे आणि तारखा कळल्या तो बाप सहसा "शिक्षण बंद" म्हणत नाही, ज्याला नुसती रड ऐकू येते तो म्हणतो.

पोरींचं यात वेगळं आहे, ते न लिहिता पुढं गेलो तर बरोबर होणार नाही. मुलगा नापास झाला तर घरात "पुढच्या वेळेस बघू", मुलगी नापास झाली की आत्या-मावशी स्थळ घेऊन दारात. माझ्याकडं रडत आलेल्या मुलींना निकालाची भीती नव्हती, सोयरिकीची होती. अशा वेळी वर्गशिक्षिकेला किंवा एचओडीला घरी फोन करायला लावायचा, लाजायचं नाही. मॅडमचा फोन आला, पोरगी हुशार आहे, एक विषय राहिलाय, सुटेल, असं बाहेरच्या माणसानं सांगितलं की घरच्यांचा सूर बदलतो, मी स्वतः बघितलंय. आणि पैशाचं कारण काढलं तर हे पण सांगायचं की २०२४-२५ पासून शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. अटी आहेत, कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात बसून नीट समजून घ्या.

रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कोणाशी बोलू वाटत नसेल, किंवा नको ते विचार यायलेत असं असेल तर हे सगळं वर लिहिलेलं बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. रूममेटलाही हा नंबर देऊन ठेव.

लायक आहे का नाही, यावर. मला एका सेमच्या निकालावरून सांगता येणार नाही आणि तुला पण नाही. पण एक कसोटी सांगतो. एक विषय घे, समज एम-वनच, वर सांगितल्यासारखी कॉपी बघ, पाया भर, रोज लिहून अभ्यास कर आणि परीक्षा दे. एवढं मनापासून केल्यावर विषय सुटला तर प्रश्न मिटला. सुटला नाही, आणि करताना सुद्धा या ब्रँचमधल्या कुठल्याच गोष्टीत मन लागलं नाही, लॅबमध्ये पण नाही, वर्कशॉपमध्ये पण नाही, तर कोर्स बदलणं हा शहाणपणा आहे, पळ काढणं नाही. लवकर बदल, तिसऱ्या वर्षाला पोहोचून नको. आता क्रेडिटची पद्धत आलीय, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सुटलेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतेत आणि सात वर्षांपर्यंत धरले जातेत, तर केलेलं सगळंच पाण्यात जातंय असं नाही, फक्त नवीन कॉलेज त्यातले किती मान्य करतंय ते प्रवेशाआधी लिहून घे.

एमपीएससीचं मात्र स्पष्ट सांगतो. आत्ता नको. बॅक राहिला म्हणून पुण्याला जाऊन रूम करणारी पोरं मराठवाड्यात प्रत्येक तालुक्यात सापडतील. राज्यसेवेला पदवी लागतेच, ती नसताना पेठेत अभ्यासिका लावून काय करणार? द्यायची तर जरूर दे, पण डिग्रीचा कागद हातात घेऊन. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या पण चालू बॅक किती एवढंच विचारतेत, सुटलेला बॅक मुलाखतीत निघाला तर निघाला, काय झालं होतं ते सरळ सांगायचं.

राहिला क्लास. लावू का, तर कॉपी बघायच्या आधी नको. आधी कळू दे की अडचण कशात आहे. चिन्हं आणि कंस चुकत असतील तर क्लासवाला काही करू शकत नाही, तो तुला परत एम-वनच शिकवणार, पहिल्या पानापासून, आणि तू मान हलवत बसणार कारण समोर सोडवताना सगळं कळतंय. मेकॅनिक्स मुळातच डोक्यावरून गेलं असेल तर लाव, पण अशा ठिकाणी जिथं पोरांना फळ्यापाशी उभं करून सोडवून घेतेत. पहिले दोन-तीन तास फुकट बसू देतेत का विचार, आणि पूर्ण फी एकदम भरू नको, निम्मी आत्ता, निम्मी मिडसेमनंतर म्हण. आणि त्याही आधी तुझ्याच कॉलेजात तो विषय शिकवणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये फोटोकॉपी घेऊन जा, दुपारी चारनंतर, प्रॅक्टिकल संपल्यावर, तेव्हा स्टाफरूम जरा मोकळी असते. पहिल्या दिवशी "नंतर ये" म्हणतील. दुसऱ्या दिवशी परत जा.